एक शतक, रुळांच्या कडेने

साल १९०३. तुम्ही नागपूरच्या संग्रहालयात आहात, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. समोर मध्य प्रांताचा रंगवलेला भूगर्भीय नकाशा आहे आणि त्याच्यापुढे दोराबजी टाटा थबकले आहेत. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा यांच्यावर पोलादाचा कारखाना उभा करायचा, ही त्यांच्या वडिलांची, जमशेटजींची, कित्येक वर्षांची आशा नुकतीच सोडून द्यावी लागली आहे. तेच सांगायला दोराबजी सरकारदरबारी आले होते. भेटीला अवकाश होता, म्हणून इथे शिरले. नकाशावर दुर्गच्या दक्षिणेला लोखंड दाखवणारा गडद ठिपका आहे. त्यावर त्यांचं बोट टेकतं, ते नीट बघून घ्या. पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट त्या ठिपक्याभोवती फिरते.

त्यांच्या मागोमाग बंगाल-नागपूर रेल्वेच्या डब्यात बसा. रूळ अजून नवेच म्हणायचे. नागपूरहून राजनांदगावपर्यंत १८८२ मध्ये मीटरगेज आलं. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने ते ब्रॉडगेज केलं आणि १८९१ पर्यंत मार्ग आसनसोलला भिडवला. गोंदिया मागे पडतं, दरेकशाचं जंगल आणि बोगदा येतो, मग डोंगरगडची टेकडी. राजनांदगावनंतर जमीन सपाट होत जाते आणि नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या दिसतात. शिवनाथ ओलांडली की दुर्ग. पलीकडे खारून नदी, तिच्यापुढे रायपूर. या दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर भिलाई नावाचं एक खेडं आहे. तिथे तुमच्या डब्यातलं कोणी उतरत नाही.

या रुळांवरून तांदूळ बाहेर जातो आणि दुष्काळ पडला की माणसंही जातात. १८९९-१९०० च्या दुष्काळाला तीन वर्षंच झाली आहेत. आसामच्या चहामळ्यांकडे निघालेली छत्तीसगढी कुटुंबं याच फलाटांवरून गेली. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. भोसल्यांचा भास्करपंत १७४१ साली रतनपूरवर चालून आला, पुढे बिंबाजी भोसले तिथे राहून राज्य करत होते, आणि दुर्ग-रायपूरच्या जुन्या वस्त्यांत मराठी आडनावं तेव्हापासून आहेत.

दुर्गहून दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर चढा. अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड पुढे चालतो आहे आणि पायांखालचा दगड धातूसारखा वाजतो आहे. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी इथल्या खनिजाची नोंद १८८७ मध्येच केली होती. तरीही टाटा इथे थांबत नाहीत. लोखंड भरपूर, पण जवळ कोळसा नाही आणि पुरेसं पाणी नाही. पुढच्याच वर्षी बोस यांचं मयूरभंजमधल्या लोखंडाविषयीचं पत्र येतं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला जातो. राजहऱ्याची टेकडी आणखी पन्नास वर्षं तशीच राहते.

आता १९५५ मध्ये या. २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात दहा लाख टन पोलादाच्या कारखान्याचा करार होतो. एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते : तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल नागपुरातच बसत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, राजधानी भोपाळला गेली आणि या प्रदेशाशी असलेलं आपलं नातं नकाशाने तोडलं. रुळांनी मात्र ते तोडलं नाही. कारखान्यासाठी भिलाईची जागा निवडताना जमेच्या बाजू या होत्या : मुंबई-हावडा मुख्य मार्ग दारात, राजहऱ्याचं खनिज शंभर किलोमीटरच्या आत, नंदिनीची चुनखडी जवळ आणि पाण्यासाठी १९२१ मध्ये पुरा झालेला तांदुळा जलाशय. टाटांना अडलेला कोळसा आता आजच्या झारखंडच्या बाजूने याच रेल्वेने येणार होता.

१९५८ मध्ये चिखलातून चाला. भाताची शेतं सरकारने घेतली आहेत, खेड्यांची घरं उठली आहेत. मोबदला हातात आला, तो बहुतेकांच्या हातात फार दिवस टिकला नाही. शेजारच्या गावात कोणाच्या ओसरीवर बसलात तर ऐकाल, की भट्टी पेटायला माणसांचा बळी लागतो. ही वदंता पुढे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे गावकरी कामाला जायला बिचकले आणि नोकऱ्या भरायला माणसं आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशा आणि आपल्या विदर्भातून आली. स्थानिक त्यांना परदेसिया म्हणत. जमीन ज्यांची गेली, त्यांच्या वाट्याला कायमची नोकरी उशिरा आणि कमी आली. भिलाईचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

४ फेब्रुवारी १९५९. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन करतात. पण मला तुम्हाला न्यायचं आहे ते १९६० च्या रेल मिलमध्ये. पोलादाचा लालभडक ठोकळा रोलरांच्या रांगेत शिरतो, एका फटीतून दुसऱ्या फटीत जाताना लांबत जातो, त्याला डोकं येतं, कंबर येते, पाया येतो आणि रूळ तयार होतो. चेहऱ्यावर धग लागते, अंगावर पाणी नि वाफ येते. रेल्वे इथे पोचली होती परदेशी लोखंडावरून. आता देशभरच्या रेल्वेला रूळ देण्याचं काम हे धानाचं शेत करू लागलं. पुढे कित्येक दशकं भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा हाच एक कारखाना होता. मुंबईच्या लोकलमध्ये लटकून ऑफिसला गेलेल्या पिढ्यांचा भार भिलाईच्या पोलादाने पेलला आहे.

ऐंशीच्या दशकातली एक संध्याकाळ. शिफ्ट सुटली आहे आणि प्लांटच्या गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडतो आहे. खाणी धरून इथे साठ हजारांहून अधिक माणसं पगारावर आहेत. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरचे रस्ते रुंद, दुतर्फा झाडं. क्वार्टर मिळतं ते हुद्द्याप्रमाणे, जातीप्रमाणे नाही. म्हणून एका जिन्यावर तेलुगू, मल्याळी, बंगाली आणि नागपूरकडचं बौद्ध कुटुंब राहतं. गणपती, दुर्गापूजा, ओणम आणि १४ एप्रिल, सगळ्यांची वर्गणी याच ओळीत फिरते. दुखलं-खुपलं तर सेक्टर ९ चं हॉस्पिटल, रविवारी मुलांना घेऊन १९७२ चा मैत्रीबाग. एखाद्या मंचावर तंबुरा उंचावून, पाय आपटत पंडवानी गायिका तीजनबाई महाभारतातला भीम उभा करत असतात. भिलाईपासून चौदा किलोमीटरवरच्या गनियारीत जन्मलेल्या या बाईंना प्लांटने नोकरी दिली, २०१९ मध्ये देशाने पद्मविभूषण. पूर्वेला चरोद्याला गेलात तर आणखी एक गाव आहे, ते निव्वळ रेल्वेचं. देशातल्या मोठ्या मार्शलिंग यार्डांपैकी हे एक. रात्रंदिवस मालगाड्या फोडायच्या, डबे निवडायचे, नव्या गाड्या जोडायच्या. तिथल्या घरांना प्लांटच्या शिफ्टपेक्षा गाडीची शिट्टी जवळची.

आणि १ जुलै १९९२. आता जड पावलांनी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर या. रुळांच्या दक्षिणेला सेक्टर आहेत. उत्तरेला, जीई रोडपलीकडे, खुर्सीपार, सुपेला आणि खासगी कारखाने. कंत्राटी मजुरीचं, बिनपगारी ओव्हरटाइमचं जग त्या बाजूला. त्या मजुरांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेतच गोळी घालून मारले गेले. नऊ महिन्यांनी, कामावरून काढलेले मजूर बायकामुलांसह याच रुळांवर बसले. संध्याकाळी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधराहून अधिक कामगार ठार झाले. मागणी होती आठ तासांच्या कामाची, जगण्यापुरत्या पगाराची आणि कामावर परत घेण्याची.

आज प्लांट १३० मीटर लांबीचा अखंड रूळ काढतो आणि असे दोन जोडून २६० मीटरची पट्टी एकाच मालगाडीवर चढवून पाठवतो. कायम कामगार मात्र ऐंशीच्या दशकातल्या संख्येच्या चौथ्या भागाच्या आसपास उरले आहेत. काम कंत्राटी हात करतात. राजहऱ्याचं खनिज संपत आल्याने रूळ आता रावघाटच्या जंगलाकडे गेले आहेत, आणि तिथल्या आदिवासींनाही जमिनीचाच प्रश्न पडला आहे. पहिल्या वेळी झालं ते दुसऱ्यांदा होऊ नये, एवढी दक्षता तरी देशाने घ्यायला हवी.

नागपूर-बिलासपूर वंदे भारत भिलाईला थांबत नाही. तुम्ही दुर्गला उतरा, मेमू पकडा आणि पॉवर हाउसला उतरा. जमलं तर १ जुलैला जा. त्या दिवशी कामगार तिथे दरवर्षी जमतात.