पुतळीचं माहेर व्हेनिस

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफी बाजारात, टांगलेल्या पुतळ्यांच्या माळा जवळून पाहिल्या तर बहुतेक चकत्यांवर लक्ष्मी दिसते, काहींवर राम-सीता. हा दागिना अस्सल मराठी, यात वाद नाही. पण या चकतीवर आधी लक्ष्मी नव्हती आणि रामही नव्हता. होते ते व्हेनिसचे संत मार्क.

व्हेनिसने १२८४ साली डुकाट हे सोन्याचं नाणं पाडलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला उभे संत मार्क, त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा सत्ताधीश डोजे आणि दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. मागे लंबगोल चौकटीत, ताऱ्यांच्या गर्दीत येशू. १७९७ मध्ये नेपोलियनने हे प्रजासत्ताक बुडवलं, तोवर पाचशे वर्षं चित्र तेच राहिलं. डोजेचं नाव तेवढं बदलत गेलं. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढली. लॅटिन अक्षरं इथे कोण वाचणार? दिसल्या त्या बाहुल्या. झाली पुतळी!

यावर पहिला आक्षेप निष्काचा. वैदिक वाङ्मयात गळ्यात निष्क घालणारा ‘निष्कग्रीव’ भेटतो, मग व्हेनिसपर्यंत जायचं कशाला? नाणी गळ्यात घालायची हौस जुनी, हे मान्यच. पण हौस जुनी म्हणून हीच चकती जुनी ठरत नाही. दुसरा दावेदार गोव्याचा: पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडलेलं सोन्याचं सान तोमे. त्यावरही संतच, पण तो एकटा, जोडी नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. विजयनगरच्या होन या सोन्याच्या नाण्यांवर उमा-महेश्वर, लक्ष्मी-नारायण अशा जोड्या बसलेल्या आहेत. त्यांनाच पुतळी का म्हणू नये? उत्तर सभासदाच्या बखरीत सापडतं. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची यादी आहे. तीत देवराई, अच्युतराई हे होन राजांच्या नावांनी वेगळे मांडलेत आणि पुतळ्या वेगळ्या. शिवाय होन म्हणजे लहानशी जाड गोळी. डुकाट रुंद, पातळ, छातीवर पसरून बसणारा. सोनाराला विचारलं तर माळेसाठी तो कोणता उचलेल, हे सांगायला नको.

संत मार्कांचा राम कसा झाला, हे नकलांवरून ताडता येतं. देशी टाकसाळ्यांनी आणि सोनारांनी डुकाटाच्या बेसुमार नकला केल्या. त्यांत अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या, ताऱ्यांचे ठिपके झाले, गुडघे टेकलेला डोजे हळूहळू ताठ उभा राहिला. काठी हाती असलेले दोन उभे पुरुष! त्यांत कुणाला धनुर्धारी राम-लक्ष्मण दिसले असतील, तर नवल ते काय? हा तर्कच, पण पटण्याजोगा.

कोल्हापूरला भूमध्यसागर तसाही नवखा नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीत निघालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती इथल्या टाउन हॉल संग्रहालयात उभी आहे. ती डुकाटाहून हजार वर्षं तरी जुनी.

परसात किंवा नांगरटीत पुतळीसारखी चकती निघाली, तर सराफ कस लावून वजनाचा भाव सांगतो. संग्राहक भिंगाने अक्षरं पाहतो. डोजेचं नाव लागलं तर नाणं बहुधा व्हेनिसचं, रेघोट्या असतील तर नक्कल. पितळी निघाली आणि वर रामदरबार असला, तर बहुधा रामटंका, म्हणजे चलन नव्हे, देवाची मुद्रा. कडी डागलेली असेल तर संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते; माळेच्या अभ्यासकाला मात्र तीच कडी हवी असते. आणि भाव कुणीही काही सांगो, जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज कलेक्टरला कळवावाच लागतो. ही दहाची मर्यादा १८७८ च्या निखात निधी कायद्यातली. आजच्या भावाने तीत पितळी रामटंकासुद्धा अडकू शकेल.