सोप्रॅनो सॅक्सोफोन आणि सिडनी बेशे

वाद्य घडवितो कारागीर. परंतु त्याला वाचा फोडतो तो वादक. ह्या दोन गोष्टींमध्यें कधीं कधीं पिढ्यांचें अंतर पडतें. सोप्रॅनो सॅक्सोफोनचा इतिहास हा अशाच एका अंतराचा इतिहास आहे. १८४६ सालीं पॅरिस येथें सॅक्सोफोनाचें पेटंट घेण्यांत आलें. त्यानंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं, १९२० च्या आसपास, लंडनमधील एका दुकानांत ह्या कुटुंबांतील एक सरळ नळीचें लहानसें वाद्य एका कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणाच्या दृष्टीस पडलें. त्यानें तें विकत घेतलें आणि पुढें जन्मभर सोडलें नाहीं. त्या तरुणाचें नांव सिडनी बेशे. ज्या संगीतांत ह्या वाद्याला मुळीं जागाच नव्हती, त्या संगीतांत त्यानें त्याला अग्रपूजेचा मान मिळवून दिला. हें कसें घडलें आणि त्यासाठीं काय किंमत पडली, हें पाहण्यासारखें आहे.

अडॉल्फ सॅक्स हा आजच्या बेल्जममधील दिनां गांवीं १८१४ सालीं जन्मलेला कारागीर. पितळी वाद्यांचा जोर आणि लांकडी वाद्यांचा मृदुपणा ह्यांची सांगड घालणारें वाद्य करावें, असा त्याला ध्यास होता. त्यानें एकच वाद्य न करतां खर्जापासून तारस्वरापर्यंत लहानमोठ्या वाद्यांचें एक कुटुंबच निर्माण केलें. त्यांतील आल्टो आणि टेनर ह्या भावंडांचा पुढें फार बोलबाला झाला. सोप्रॅनो हें मात्र त्या कुटुंबांतील हट्टी मूल ठरलें.

हट्टी म्हणण्याचें कारण त्याच्या रचनेंतच आहे. क्लॅरिनेटची नळी बहुतेक सर्व लांबीभर सारख्या व्यासाची असते. सॅक्सोफोनची नळी सनईप्रमाणें खालीं रुंदावत जाते. त्यामुळें स्वर वर उडविला असतां सॅक्सोफोन बरोबर एक सप्तक चढतो, तर क्लॅरिनेट सप्तक ओलांडून पलीकडच्या पंचमावर जाते. सॅक्सोफोनचा आवाजही अधिक भरदार. येथपर्यंत सर्व सोईचें आहे. परंतु सोप्रॅनोची नळी दोन फुटांहून थोडीच लांब असते. मुखाशीं धरलेल्या बोरूच्या पातळ पट्टीवर ओठांचा दाब किंचित् बदलला, कीं स्वर चढतो किंवा उतरतो. मोठ्या सॅक्सोफोनांत जी चूक झांकून जाते, ती येथें उघडी पडते. म्हणून पुष्कळ वादकांनीं हें वाद्य बेसूर म्हणून दूर ठेवलें. ज्यांनीं उत्तम सनई ऐकली आहे, त्यांना ह्या आक्षेपाची दुसरी बाजूही सहज ध्यानांत येईल. सनईचा स्वरही ओठांनीं आणि श्वासानें सांवरावा लागतो. पण त्याच सैलपणांतून मींड निघते आणि स्वर माणसाच्या गळ्यासारखा आर्त होतो. जो सैलपणा कच्च्या हातीं दोष ठरतो, तोच पक्क्या हातीं गुण होतो.

आतां ज्या संगीतांत हें वाद्य शिरलें, त्या संगीताकडे वळूं. अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्स हें बंदर आहे. फ्रेंच, स्पॅनिश व आफ्रिकन रक्ताच्या लोकांची तेथें शतकानुशतकें सरमिसळ झाली. मिरवणुका, नाच, लग्नें, इतकेंच काय पण प्रेतयात्रा ह्यांतही बँड वाजविण्याची तेथें रीति होती. ह्या बँडांतून विसाव्या शतकाच्या आरंभीं जें जॅझ संगीत आकाराला आलें, त्यांत कामाची वांटणी मोठी नेटकी होती. कॉर्नेटनें मूळ चाल ठणठणीतपणें सांगावी. क्लॅरिनेटनें तिच्यावरून वेलीसारखें चढत जावें. ट्रॉम्बोननें खालून भरणा करावा. आणि तिघांनींही एकाच वेळीं आपापली उपज करीत असतां एकमेकांचा मार्ग अडवूं नये. प्रत्येकाला स्वातंत्र्य, पण मर्यादेचें, असा हा संसार होता. त्यांत सॅक्सोफोनचें पान वाढलेलें नव्हतें.

ह्याच शहरीं १४ मे १८९७ रोजीं एका क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्रवंशीय कुटुंबांत सिडनी बेशेचा जन्म झाला. वडील चांभारकाम करीत. थोरला भाऊ लिओनार्ड पुढें दंतवैद्य झाला व ट्रॉम्बोन वाजवी. ह्या भावाची क्लॅरिनेट धाकट्यानें गुपचूप वाजवून पाहिली आणि घरच्यांना त्याच्या अंगचें तेज दिसून आलें. लोरेन्झो टियो, जॉर्ज बाके, लुई नेल्सन ह्या जाणत्या वादकांकडून त्यानें पाठ घेतले. परंतु स्वरलेखन वाचण्याचा अभ्यास त्यानें कधींच नीट केला नाहीं. कानानें ऐकावें, मनांत धरावें आणि आपल्या रीतीनें पुन्हां सांगावें, हीच त्याची विद्या होती. वीस वर्षांचा होईपर्यंत तो नामांकित क्लॅरिनेटवादक झाला होता.

१९१९ सालीं विल मॅरियन कुक ह्यांच्या वाद्यवृंदाबरोबर तो लंडनला गेला. त्या वर्षीं बकिंगहॅम राजवाड्यांत ह्या मंडळींचें वादन झालें. परंतु राजवाड्याहूनही महत्त्वाची ठरली ती एका श्रोत्याची उपस्थिति. अर्नेस्ट अँसर्मे हे स्विस वाद्यवृंदसंचालक ह्या मंडळींचें संगीत ऐकावयास पुन्हां पुन्हां येत. युरोपीय अभिजात संगीतांतील ह्या अधिकारी पुरुषानें त्याच वर्षीं एका स्विस नियतकालिकांत लेख लिहून बेशे ह्या तरुणास प्रतिभावंत कलावंत म्हटलें, आणि हा चालला आहे ती वाट उद्यां साऱ्या जगाची होईल अशी शंका बोलून दाखविली. ज्या देशांत बेशे जन्मला, त्या देशांत त्या काळीं कृष्णवर्णीयांस पुष्कळ सभागृहांच्या पुढच्या दारांतून प्रवेशही नव्हता. त्याच्या कलेची पहिली गंभीर दखल परक्या देशांत, परक्या भाषेंत घेतली गेली, ह्याचें मर्म पुढील सर्व चरित्रांत जाणवत राहतें.

ह्याच लंडनच्या मुक्कामांत त्याच्या हातीं सोप्रॅनो आला. बेशेला त्याचा हट्टी स्वभाव अडचणीचा वाटला नाहीं. त्याला तोच हवा होता. क्लॅरिनेटमधून जो जोर त्याला मिळत नव्हता, तो ह्यांतून मिळाला. ओठांच्या दाबानें तो स्वराला खालून उचलून वर नेई, मध्येंच सोडून देई, पुन्हां पकडी. प्रत्येक दीर्घ स्वरावर तो एक रुंद आणि जलद कंप घाली. त्या कंपामुळें स्वराचा नेमका मध्य कानाला आपोआप जाणवे आणि वाद्याच्या सुराचा डळमळीतपणा अलंकारांत विरून जाई. हा कंप अति झाला असें म्हणणारे टीकाकार तेव्हांही होते व आजही आहेत. परंतु दोन स्वर ऐकतांच वादक ओळखूं यावा, हें भाग्य थोड्यांनाच लाभतें.

३० जुलै १९२३ रोजीं न्यूयॉर्क येथें क्लॅरेन्स विल्यम्स ह्यांच्या पांच जणांच्या संचाबरोबर बेशेच्या वादनाचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें. त्या तबकड्यांत सोप्रॅनो साथीला बसलेला नाहीं. तो पुढें होऊन बोलतो आहे. १९२४ च्या अखेरीस व १९२५ च्या आरंभीं लुई आर्मस्ट्राँग ह्या त्याच्याच गांवच्या तरुण कॉर्नेटवादकाशीं त्याची गांठ पडली. ‘केकवॉकिंग बेबीज फ्रॉम होम’ हें गीत दोघांनीं दोन वेळां मुद्रित केलें. त्या तबकड्या ऐकतांना दोन मल्ल आखाड्यांत उतरल्याचा भास होतो; कोणी कोणास हटत नाहीं.

आणि येथेंच खरा पेंच उभा राहतो. कॉर्नेटइतकाच बुलंद आवाज असलेलें दुसरें वाद्य आलें, म्हणजे जुन्या वांटणीचें काय व्हावयाचें? क्लॅरिनेटनें वेल होऊन राहावें हा नियम. पण बेशेचा सोप्रॅनो स्वतःच वृक्ष होऊं पाहत होता. त्याच्याबरोबर वाजवितांना कित्येक तुतारीवाद्यवाल्यांना जड जाई. सामुदायिक संगीतांत एकाचा प्रकाश वाढला, कीं दुसऱ्याची सावली लांबते. पारंपरिक जॅझचें सौंदर्य समतोलांत आहे असें मानणाऱ्यांस बेशे हा त्याचा थोर पुत्र वाटतो, तसाच थोडासा बंडखोरही वाटतो.

हा हट्ट वाद्यापुरताच नव्हता. १९२२ सालीं एका स्त्रीवरील हल्ल्याच्या आरोपावरून त्याला इंग्लंडबाहेर घालविण्यांत आलें. १९२५ सालीं तो जोसेफिन बेकरच्या नाट्यसंचाबरोबर पॅरिसला गेला. पुढें रशियांतही वाजवून आला. परंतु १९२८ सालीं पॅरिसच्या रस्त्यावर एका सहकारी वादकाशीं झालेल्या भांडणांत पिस्तुलें झाडलीं गेलीं, वाटेनें जाणारीं माणसें जखमी झालीं आणि बेशेला सुमारें अकरा महिने तुरुंगांत काढावे लागले. प्रतिभेनें ह्या अपराधाचें समर्थन होत नाहीं. अमेरिकेस परतल्यावर १९३२ सालीं टॉमी लॅडनियर ह्या मित्रासह त्यानें अत्यंत तेजस्वी अशा कांहीं तबकड्या मुद्रित केल्या. पण मंदीच्या त्या दिवसांत त्या खपल्या नाहींत. १९३३ सालीं ह्या दोघांनीं हार्लेममध्यें कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचें दुकान थाटलें. अँसर्मेनें प्रतिभावंत म्हणून गौरविलेला कलावंत दुसऱ्यांच्या विजारींस इस्त्री करीत होता.

दुकान फार दिवस चाललें नाहीं, हें संगीताचें सुदैव. ८ जून १९३९ रोजीं नव्यानेंच निघालेल्या ‘ब्लू नोट’ कंपनीसाठीं त्यानें गर्श्विनच्या ‘समरटाइम’ ह्या गीताचें वादन केलें. त्यांत कॉर्नेट नाहीं, तुतारी नाहीं. पियानो, गिटार, बास व ताल एवढीच साथ. कोणाशीं झुंज नसल्यामुळें सोप्रॅनो येथें प्रथमच मोकळेपणीं गातो. ही तबकडी त्या कंपनीच्या आरंभींच्या यशास कारण झाली. १९४१ सालीं तर त्यानें एकावर एक ध्वनिमुद्रण चढवून सोप्रॅनो, टेनर, क्लॅरिनेट, पियानो, बास व ड्रम हीं सहाही वाद्यें एकट्यानेंच वाजविलीं. त्या काळच्या साधनांनीं केलेला तो एक नवलाचा प्रयोग होता.

१९४५ नंतर ब्रुकलिन येथें त्यानें शिष्य घेण्यास प्रारंभ केला. बॉब विल्बर हा तरुण तर त्याच्या घरींच राहून शिकला. गुरुगृहींचें हें शिक्षण आपल्याकडील श्रोत्यांस परकें वाटणार नाहीं. एका शिष्याला बेशेनें दिवसभरासाठीं एकच स्वर दिला आणि तो किती परींनीं वाजवितां येतो तें पाहावयास सांगितलें: घोगरा करून, ओढून, चढवून, उतरवून. एका स्वरांत जें सांगतां येत नाहीं तें अनेक स्वरांतही सांगतां यावयाचें नाहीं, असाच ह्या पाठाचा आशय होता.

१९४९ सालच्या मे महिन्यांत पॅरिसच्या जॅझ महोत्सवांत चार्ली पार्करसारखे नव्या पंथाचे वादक असतांनाही लोकांनीं बेशेला डोक्यावर घेतलें. ज्या देशानें त्याला एकदां तुरुंगांत टाकलें होतें, त्याच देशांत तो पुढें स्थायिक झाला. १९५१ सालीं त्यानें तेथें विवाह केला. १९५२ सालीं ‘पतीत फ्लर’ म्हणजे ‘चिमुकलें फूल’ ही स्वतःची रचना मुद्रित केली, आणि ती घरोघरीं पोंचली. १९५५ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहांतील त्याच्या विनामूल्य कार्यक्रमास एवढी गर्दी लोटली, कीं खुर्च्यांची मोडतोड झाली. १४ मे १९५९ रोजीं, आपल्या बासष्टाव्या वाढदिवशींच, पॅरिसजवळच्या गार्श येथें तो निवर्तला.

त्याच्या मागून सोप्रॅनो पोरका झाला नाहीं. एलिंग्टनच्या संचांतील जॉनी हॉजेस त्याच्यापाशीं शिकला होता. विल्बरनें ती परंपरा २०१९ सालीं मृत्यु पावेपर्यंत चालविली. स्टीव्ह लेसी ह्यानें बेशेला ऐकूनच हें वाद्य हातीं घेतलें, आणि जॉन कोल्ट्रेन ह्यानें १९६० सालीं त्यावर अगदीं निराळें संगीत उभारलें. पण त्याच वर्षीं बेशेच्या नांवानें एक रचना वाजवून ऋणही मान्य केलें. जें वाद्य बेसूर म्हणून टाकलें गेलें होतें, त्याचा सूर सांपडला होता. बेशेनें त्याचा हट्ट मोडला नाहीं. तो समजून घेतला. स्वतःच्या स्वभावाच्या बाबतींत हें त्याला तितकें साधलें नाहीं, आणि त्याची किंमत त्यानें व इतरांनींही मोजली. परंतु वाद्यापुरतें पाहिलें तर, दोष दूर सारण्यापेक्षां तो ओळखून कामाला लावणें ह्यांतच कित्येकदां खरी साधना असते, एवढें ह्या इतिहासावरून निश्चित दिसून येतें.