औषधरोधक क्षयरोग : निदान व उपचारांतील विलंब

क्षयाच्या जंतूवर नेहमीची औषधे चालेनाशी झाल्यापासून ते ओळखले जाऊन योग्य औषधे सुरू होईपर्यंत वाया जाणारा काळ. रिफाम्पिसीन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत नसेल, तर त्या रोगाला बहुऔषधरोधक किंवा एमडीआर क्षयरोग म्हणतात. साध्या क्षयातल्या उशिरापेक्षा हा उशीर फसवा असतो. रोगी रोज गोळ्या घेत असतो, वजन उतरत असते, घरच्यांना लागण होत असते, आणि ज्या औषधांचा थोडाफार जोर उरला आहे त्यांनाही जंतू सरावत जातो. कागदावर उपचार चालू असतात. प्रत्यक्षात ते सुरूच झालेले नसतात.

उशिराचे मूळ तपासणीच्या जुन्या पद्धतीत आहे. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत, आणि दिसले तरी कोणत्या औषधाने मरतील हे त्यावरून कळत नाही. जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे, तर द्रव माध्यमात सहा आणि घन माध्यमावर आठ आठवडे थांबावे लागू शकते. म्हणून आधी औषध द्यायचे, ते लागू पडले नाही तर रोधाची चाचणी करायची, अशी रीत पडली. या रीतीचे सर्वांत घातक रूप म्हणजे ‘कॅटेगरी टू’. पहिले उपचार फसलेल्या किंवा रोग उलटलेल्या रोग्याला तीच औषधे पुन्हा आणि सोबत स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने, असा हा आठ महिन्यांचा क्रम होता. ज्याच्याबद्दल रोधाची शंका सर्वांत आधी यायला हवी, त्यालाच फसलेल्या औषधांत एकच नवे औषध मिसळून दिले जाई. जंतूला त्या एका औषधाचीही सवय लावण्याचा हा राजमार्ग होता. जागतिक आरोग्य संघटनेने हा क्रम २०१७ मध्ये मोडीत काढला. तोवर अनेक वर्षे तो भारताच्या सरकारी कार्यक्रमाचा भाग होता.

रोगी उशिरा येतो, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. भारतातील अभ्यासांच्या २०१४ च्या एका आढाव्यात क्षयाच्या रोग्याकडून झालेला उशीर सुमारे १८ दिवसांचा, तर तो डॉक्टरकडे पोचल्यावर निदानाला लागलेला काळ सुमारे ३१ दिवसांचा आढळला. मुंबईतील धारावी परिसरातल्या खासगी डॉक्टरांची दोनदा पाहणी झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०० डॉक्टरांनी ८० प्रकारचे उपचारक्रम लिहून दिले होते. २०१० च्या पाहणीत १०६ जणांनी ६३ प्रकारचे, आणि त्यांतले बरोबर होते फक्त सहा जणांचे.

याचे फळ २०११ च्या अखेरीस मुंबईत समोर आले. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी तिघांनी १८ महिन्यांच्या काळात सरासरी चार खासगी डॉक्टरांकडून, एकेक करून जोडलेली आणि बऱ्याचदा चुकीच्या मात्रेतली औषधे घेतली होती. त्यांनी वापरलेल्या ‘पूर्ण औषधरोधक’ या नावावर मोठा वाद झाला; रोगी मात्र खरे होते. २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयाचा प्रत्येक रोगी कळवणे सर्व डॉक्टरांना बंधनकारक केले आणि क्षयासाठीच्या, दिशाभूल करणाऱ्या रक्तातील प्रतिपिंड चाचण्यांवर बंदी घातली.

तंत्र एव्हाना बदलले होते. दोन तासांच्या आत जंतू आणि रिफाम्पिसीनचा रोध दोन्ही दाखवणाऱ्या सीबीनॅट चाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच केली होती. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅट चाचणीला २०२० मध्ये संघटनेची मान्यता मिळाली. मात्र नेहमीच्या सीबीनॅटला आयसोनियाझिडचा रोध दिसत नाही. त्यासाठी ‘लाइन प्रोब अ‍ॅसे’ नावाची वेगळी चाचणी लागते, नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो आणि पुन्हा वाट पाहणे आले.

निदान झाल्यावरचा उशीर औषधाच्या उपलब्धतेचा. औषधरोधक क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. भारतात २०१६ मध्ये ते मोजक्या केंद्रांपुरते आले. बिहारमधील एका तरुणीच्या वडिलांना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, पण रोग फार पुढे गेला होता. २०१८ मध्ये ती दगावली. क्षयाच्या उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवण्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पूर्वी १८ ते २४ महिने चालणारे उपचार बेडाक्विलिनसह चार औषधांच्या नव्या क्रमाने सहा महिन्यांवर आले असून, भारताने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ४ लाख लोकांना बहुऔषधरोधक किंवा रिफाम्पिसीनरोधक क्षय झाला. निदान होऊन उपचार सुरू झालेले १ लाख ७६ हजारांच्या आसपास होते.