अपुऱ्या दिवसांचे मूल आणि दत्तकाचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि गाद्या यांचा वृत्तांत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज आम्ही ज्याचा इतिहास सांगावयास उभे आहोत, त्याचे वजन शेर-सव्वाशेरापेक्षा अधिक नाही. दिवस पुरे होण्यापूर्वीच जन्माला आलेले, जन्मदात्यांचे छत्र गमावलेले आणि अनेक व्याधी सोबत घेऊन परक्या घरी वाढावयास आलेले मूल, हा आमचा विषय. येथे 'आम्ही' हे व्याख्यात्याचे आदरार्थी बहुवचन नव्हे. आम्ही उभयता पतिपत्नींनी असे एक मूल वाढविले आहे, आणि आजचे हे विवेचनही दोघांनी मिळून तयार केले आहे. मात्र घरची हकीकत शेवटी थोडक्यात सांगू. आधी इतिहास पाहू.

या विषयात दोन निरनिराळे प्रवाह येऊन मिळतात. एक दत्तकाचा आणि दुसरा वैद्यकाचा.

दत्तक म्हटले की मराठी माणसाला प्रथम गादी आठवते. १८४८ साली साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला व राज्य खालसा केले. पुढे झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये घेतलेल्या दामोदररावाचीही तीच वाट लागली. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून एक मुलगा बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला; १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या गादीवर आला आणि शाहू छत्रपती झाला. या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. गरज घराण्याची होती, मुलाची नव्हे. वंश चालावा, पिंडदान व्हावे, मिळकत परक्याच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी मूल आणावयाचे. असे मूल निवडताना ते निरोगी, धडधाकट आणि चांगल्या कुळातले पाहावयाचे, हे ओघानेच आले.

परंतु आपल्या जुन्या धर्मशास्त्रात याहून उदार असे एक स्थान होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. मनूने बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत 'अपविद्ध' नावाचा एक आहे. आईबापांनी टाकलेले आणि दुसऱ्याने उचलून आपले म्हटलेले मूल, तो अपविद्ध पुत्र. पुढे कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य, असे ठरले आणि अपविद्धाचे नाव पोथीतच राहिले. दत्तक द्यावयाचा तर तो आईने किंवा बापाने द्यावा, असा नियम. मग ज्याला आईबापच नाहीत त्याला देणार कोण? अशा रीतीने ज्या मुलाला घराची सर्वांत अधिक गरज, तेच मूल दत्तकाच्या कक्षेबाहेर पडले. त्याच मनुस्मृतीत जन्मांध, बहिरा, मुका यांना वारसाहक्काचा वाटा नाही, केवळ अन्नवस्त्र द्यावे, असेही सांगितले आहे. म्हणजे अनाथ मुलाला घर नाही, आणि अपंग मुलाला घर असूनही वाटा नाही, अशी दुहेरी कोंडी होती.

ही कोंडी पहिल्याने फोडली ती पुण्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, असे आवाहन त्यांनी केले. १८७४ साली तेथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या माळावर त्याने दवाखाना चालविला. तेथे रोग्यांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तकपुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. येथे गादी नव्हती, जहागीर नव्हती. मुलाला घर हवे होते म्हणून घर मिळाले. आमच्या मते आधुनिक महाराष्ट्रातल्या दत्तकाचा खरा आरंभ येथे आहे. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने १८७५ साली बालकाश्रम निघाला, तोही याच वाटेवर.

कायद्याला मात्र बराच उशीर लागला. १९५६ साली एकाच वर्षात दोन कायदे झाले. हिंदू वारसा कायद्याने रोग किंवा व्यंग हे वारसाहक्काच्या आड येणार नाही असे स्पष्ट केले. दत्तक व पोटगीच्या कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येईल असे ठरविले, आणि त्याच्या १५ व्या कलमाने विधिपूर्वक झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येणार नाही असे सांगितले. १९६२ च्या दुरुस्तीने, ज्याला आईबापांनी टाकले आहे किंवा ज्याचे आईबाप कोण हे ठाऊक नाही, असे मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाला दत्तक देता येऊ लागले. मनूचा अपविद्ध पुत्र इतक्या शतकांनी पुन्हा घरात आला तो असा. पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या प्रकरणात मुलाचे हित हाच दत्तकाचा पाया मानून नियम घालून दिले, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने सर्व धर्मांच्या लोकांना ही वाट मोकळी ठेवली.

आता दुसरा प्रवाह. अपुऱ्या दिवसांच्या मुलाविषयी प्राचीन वैद्यांनी विचार केला नव्हता असे नाही. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यात जन्मलेले मूल जगत नाही, असे चरक-सुश्रुत म्हणतात. सातव्यातले जगते पण आठव्यातले जगत नाही, ही समजूत ग्रीकांतही होती. प्रत्यक्षात आठव्यातले मूल जगण्याचा संभव अधिक असतो. परंतु समजूत काहीही असो, उपाय कोणापाशीच नव्हता. कापसात गुंडाळावे, शेगडीजवळ ठेवावे आणि वाट पाहावी, एवढेच हाती होते.

हा उपाय सापडला तो कोंबडीच्या पिलांमुळे. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८७८ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालयात अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि तिच्याच कारागिराकडून मुलांसाठी पेटी करवून घेतली. १८८० च्या सुमारास ती मातेर्निते रुग्णालयात बसली. गरम पाण्याने ऊब देणारी साधी पेटी ती! पण दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आले, असे त्यांच्या सहकाऱ्याने १८८३ साली नोंदविले. तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी पुढची गोष्ट ओळखली. आईपासून दूर ठेवलेल्या मुलाची ओढ आईलाच उरत नाही, हे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी आईला पेटीजवळ बसविले, अंगावरचे दूध पाजण्याचा आग्रह धरला आणि मूल घरी गेल्यावरही त्याची पाहणी चालू ठेवली. पेटी मुलाला जगविते, पण वाढविते माणूस, हे तत्त्व ब्युदँ यांच्या कामातून निघते.

ते तत्त्व मागे पडले म्हणजे काय होते याची दोन उदाहरणे अमेरिका खंडात घडली. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथील जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटीतील जिवंत मुलांचे प्रदर्शन मांडले. लोक पैसे देऊन आत येत, आणि त्या पैशांवर मुलांची शुश्रूषा होई. आईबापांकडून एक पैसा घेतला जात नसे. कूनी यांच्याजवळ वैद्यकाची पदवी होती की नाही याविषयी संशोधक आज शंका घेतात. पण रुग्णालये ज्या मुलांना हात लावीत नव्हती ती हजारो मुले त्यांनी वाचविली, हेही खरे. दुसरे उदाहरण कॅनडातील डियोन भगिनींचे. २८ मे १९३४ रोजी, दिवस भरण्याच्या दोन महिने आधी, ऑन्टॅरिओ प्रांतात पाच बहिणी एकदम जन्मल्या. पाचींचे मिळून वजन सुमारे सहा किलो. त्या वाचल्या, हे आश्चर्यच. पण प्रांतिक सरकारने त्यांना आईबापांपासून काढून स्वतःच्या पालकत्वाखाली घेतले आणि नऊ वर्षांच्या होईपर्यंत लाखो प्रेक्षकांसमोर खेळविले. १९९८ साली हयात असलेल्या तीन बहिणींना सरकारने ४० लाख डॉलरची भरपाई दिली. हरवलेले बाळपण त्यात परत आले असेल काय?

यानंतरचे प्रकरण सर्वांत दुःखद, आणि आम्हांला सर्वांत जवळचे आहे. १९४० नंतर पेट्या सुधारल्या आणि त्यांत प्राणवायू मुबलक सोडता येऊ लागला. मुले गुलाबी दिसू लागली, जगू लागली. पण त्याच काळात अपुऱ्या दिवसांची मुले आंधळी होऊ लागली. १९४२ साली बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली असावी, असा अंदाज आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे त्यांपैकीच एक. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट दाखविले ते प्राणवायूकडे. वॉशिंग्टनमध्ये डॉ. आर्नल पाट्झ यांनी काही मुलांना कमी प्राणवायू देऊन पाहिला, तेव्हा रात्रपाळीच्या काही परिचारिका मुले गुदमरतील या कळवळ्याने चावी गुपचूप वाढवीत. त्यांच्या मायेविषयी शंका घेता येत नाही, पण त्या मायेनेच डोळे जात होते. अखेर अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीचा निकाल १९५४ साली आला आणि संशय फिटला. मग लोक दुसऱ्या टोकाला गेले. प्राणवायू इतका आखडला की काही मुले दगावली, काहींच्या मेंदूला इजा झाली. ना कमी, ना जास्त, मोजून द्यावा, हा मध्यम मार्ग सापडावयास आणखी काळ जावा लागला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधलेल्या, रक्तातला प्राणवायू बोटावरून मोजणाऱ्या यंत्राचे त्यात मोठे साह्य झाले.

फुप्फुसांची कथा थोडक्यात सांगू. अपुऱ्या फुप्फुसात एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य नसते म्हणून ते मिटून जाते, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखविले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने ३९ तासांत गेला. जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता हाताशी असूनही त्या बापाच्या हाती काही नव्हते. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये आईला औषध टोचून गर्भाची फुप्फुसे परिपक्व करण्याचा उपाय निघाला, आणि १९८० साली जपानचे डॉ. फुजिवारा यांनी ते द्रव्य थेट फुप्फुसात घालून मुले वाचविली.

यंत्रे अशी वाढत असता, ती नसलेल्यांनी काय करावे? कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्यापाशी पेट्या अपुऱ्या होत्या. त्यांनी मूल आईच्या उघड्या छातीशी, कांगारूसारखे बांधून ठेवले. तो गरिबीतला उपाय आज श्रीमंत देशांतही मान्य झाला आहे. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ नंतर ३९ खेड्यांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यावयास शिकविले. तेथील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ नी घटले, असा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. ऊब, दूध, स्वच्छता आणि जागते लक्ष, ही त्या कामाची मुख्य साधने होती. ब्युदँ यांची शिकवण शंभर वर्षांनी अशी आपल्या जंगलातल्या झोपडीत सिद्ध झाली.

आता आमची हकीकत. आमची मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन अकराशे ग्रॅम. ती आठ महिन्यांची असताना आमच्या घरी आली ती नाकात नळी आणि हातात एक चार घड्या घातलेला कागद घेऊन. त्या कागदावर, महिन्याच्या आत डोळ्यांची तपासणी करावी, असा एक रकाना होता आणि तो कोरा होता. आम्ही तिला नेत्रतज्ज्ञाकडे नेले तेव्हा एका डोळ्याचे काम संपले होते. दुसऱ्याचे थोडे वाचविता आले. आम्ही कोणाचे नाव घेत नाही, कारण दोष एका माणसाचा नव्हे. रुग्णालयातून ती संस्थेत गेली. रुग्णालयाला वाटले संस्था पाहील, संस्थेला वाटले रुग्णालयाने पाहिले असेल. १९५४ साली जगाला कळलेली गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचली नाही, एवढेच घडले. ज्ञानाची उणीव नव्हती. तो कागद हातात धरून दारोदार जाणारे माणूस नव्हते. आईबाप म्हणजे दुसरे काय? कोरा रकाना पाहून ज्याला झोप येत नाही, तो.

"घ्यावयाचेच होते तर एखादे धडधाकट मूल का नाही घेतलेत?" असे आप्तांनी विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. गादीसाठी दत्तक निवडण्याची शेकडो वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलत होती. पहिली तीन वर्षे नळीवाटे दूध आणि गाळलेली नाचणीची पेज देण्यात गेली. किती मिलिलिटर गेले, किती उलटले, याच्या चौदा वह्या आमच्या घरी आहेत. रात्री आळीपाळीने जागावयाचे. श्वासाचा आवाज बदलला की उठावयाचे. पैसा लागला, नोकरीत मागे पडलो, एकमेकांवर चिडलोही. हे सांगितले नाही तर इतिहास खोटा होईल. प्रथम आम्हांला वाटे की आपण मोठे पुण्यकृत्य करीत आहोत. ती भावना दुसऱ्या वर्षी गळून पडली आणि त्यानंतरच आम्ही तिचे आईबाप झालो. आज ती सात वर्षांची आहे. जाड भिंगाने मोठी अक्षरे वाचते, बोटांनी ब्रेल शिकते, आणि पेज तिला मुळीच आवडत नाही.

श्रोतेहो, दत्तकाच्या आणि वैद्यकाच्या या दोन इतिहासांतून आम्हांला एकच बोध दिसतो. पूर्वी मूल घराच्या उपयोगी पडावे असे आपण म्हणत होतो. आता घर मुलाच्या उपयोगी पडावे असे कायदा म्हणतो. वैद्यकाने जीव वाचविण्याचे आपले काम पुष्कळसे केले आहे. वाचलेल्या जिवाचे पुढे काय, हा प्रश्न समाजाचा आहे. म्हणून दोनच विनंत्या करतो. आपल्या आळीत अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले तर महिन्याच्या आत त्याचे डोळे तपासले काय, एवढे अवश्य विचारा. आणि कोणी व्याधिग्रस्त मूल घरी आणले तर त्यांची स्तुती करू नका. एखाद्या रात्री त्यांच्या घरी जाऊन चार तास जागा, आणि त्यांना झोपू द्या.