जनाबाईची वाकळ आणि आपल्या घरची वाकळ

कोल्हापूर भागात गोधडीला वाकळ म्हणतात. बाजारातून विकत आणली ती चादर, रजई किंवा ब्लँकेट. घरच्या बाईने जुनेरावर जुनेर ठेवून, सुईदोऱ्याने टाके घालून शिवली ती वाकळ. हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात आहेत, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून ते लोकांच्या तोंडी असणार. पण वारकऱ्याला वाकळ हा शब्द कोशातून शिकावा लागत नाही. जनाबाईची कथा ऐकतच तो लहानाचा मोठा झालेला असतो.

महीपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यातली जनाबाईची कथा कीर्तनकारांनी घरोघरी पोहोचवली. विठुराया जनीच्या झोपडीत येतो, दळू लागतो, तिथेच निजतो आणि पहाटे काकडआरतीची वेळ झाली म्हणून लगबगीने निघतो. त्या घाईत स्वतःचा शेला आणि अंगावरचे दागिने तिथेच राहतात आणि खांद्यावर जनीची वाकळ येते. बडवे गाभारा उघडतात तर देवाचे पदक नाही आणि देवाच्या अंगावर ठिगळांची वाकळ. जनीवर चोरीचा आळ येतो, तिला सुळावर देण्यासाठी नेतात आणि सुळाचे पाणी होते.

कथा सांगताना आपण बहुधा सुळाच्या चमत्कारापाशी थांबतो. मला वाकळेपाशी थांबावेसे वाटते. देवाच्या अंगावर घोंगडी आली असती तर फारसे काही बिघडले नसते. लोकर सोवळ्यात चालते, धाबळी नेसून पूजा करण्याची रीत जुनीच आहे. धनगरांचा विठ्ठल तर घोंगडीतलाच. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घोंगडी आणि भंडारा सोडून दुसरे काही डोळ्यांत भरत नाही. पण वाकळ म्हणजे वापरलेले सुती कापड, कुणाकुणाच्या अंगाला लागलेले, घामाचे, बाळंतिणीच्या खोलीतले. सोवळ्याच्या हिशेबात तिला जागाच नव्हती. दासीच्या घरची तशी वाकळ देव गाभाऱ्यात घेऊन गेला, हे या कथेतले खरे धाडस आहे. कथा रचणाऱ्यांनी ‘वस्त्र’ किंवा ‘चादर’ म्हटले नाही, वाकळच म्हटले, ते उगीच नव्हे.

संस्कृतातला कंथा हा शब्दही याच वस्तूचा. जोगी, फकीर, बैरागी यांच्या अंगावर कंथा असे. बंगालमध्ये तोच शब्द आजही घरोघरी आहे. तिकडच्या बायका जुन्या साड्यांचे थर टाक्यांनी जोडतात त्याला कांथा म्हणतात. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. १८७६ ते १९५६ एवढे आयुष्य लाभलेल्या, पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या अंगावर चिंध्यांची गोधडीच वागवली. फरक एवढाच की बैराग्याची कंथा संसार सोडल्याची खूण असते आणि आपल्या घरची वाकळ संसार सांभाळल्याची. जनाबाईने या दोन्हींची गाठ घालून दिली.

आता घरच्या वाकळेकडे येऊ. कापड दुर्मिळ होते त्या काळात लुगडे एका जन्मात मरत नसे. नेसून विरले की त्याचा धडपा, धडप्याचे परकर-पोलके, त्यातून उरले ते वाकळेत. शेवटी चुलीपाशी बोळा. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, १९०६ साली कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी सूतगिरणी व कापड गिरणीची स्थापना केली. पुढे या भागात कापड वाढले, चिंध्याही वजनावर मिळू लागल्या. तरी वाकळ थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ नंतर कापडावर नियंत्रण आले तेव्हा तर तिची किंमत पुन्हा कळली असेल. गिरणीच्या इतिहासात भांडवल आणि चात्यांचे आकडे मिळतात. त्या गिरणीचे कापड फाटल्यावर ज्यांनी त्याला आणखी वीस वर्षे जगवले, त्या बायकांच्या टाक्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. वाकळेवर कुणी नावही घालत नाही.

शिवण्याची रीत साधी दिसते, पण सोपी नाही. उन्हाळ्यात सुगीची कामे उरकली की दुपारी सोप्यात किंवा अंगणात जागा झाडून घ्यायची. खाली धड लुगडे अंथरायचे, वर विरलेले तुकडे सुरकुती न पडू देता पसरायचे, त्यावर दुसरे लुगडे. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत मध्यावर यायचे. टाके एका मापाचे पडले नाहीत तर आतला थर गोळा होतो आणि पांघरणाऱ्याच्या पाठीला टोचतो. एकटीने दुपारच्या वेळात शिवली तर महिना सहज जातो. शेजारणी बसल्या तर लवकर होते, आणि ओव्या, हरिपाठाचे अभंग, कुणाच्या सुनेची उणीदुणी हे सगळे त्याच टाक्यांबरोबर आत जाते. (उणीदुणी जास्त जात असावीत, पण ते असो.)

वाकळ कुणासाठी आहे हे शिवताना ठरलेले असते. बाळंतविड्यातले दुपटे आजी स्वतःच्या जुन्या लुगड्याचेच करते, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुतासारखे मऊ कापड दुकानात मिळत नाही आणि तान्ह्याच्या कातडीला तेच मानवते. सासरी जाणाऱ्या लेकीच्या वाकळेत आईचे लुगडे असते, बापाच्या पटक्याची पट्टी असते, तिच्याच लहानपणच्या परकराचा काठ असतो. खणाच्या चोळीचा एखादा रंगीत तुकडा मुद्दाम मध्यभागी बसवतात. परक्या घरात पहिल्या रात्री ती मुलगी अंधारात त्या काठावर बोट फिरवते. एवढ्यासाठीच तो काठ तिथे लावलेला असतो.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांचे काय करायचे, याबद्दल घरोघरी वेगळी रीत. कुणी दान करतात, कुणी नदीला सोडतात. नदीत कपडे सोडणे आता तरी बंद व्हावे. पंचगंगेला तेवढेच ओझे कमी होईल. पण आईचे एखादे लुगडे मागे ठेवून त्याची वाकळ करणारी घरेही पुष्कळ आहेत. अलीकडे बहिणी-बहिणी आईच्या साड्या वाटून घेण्याऐवजी प्रत्येकीसाठी एकेक गोधडी शिवून घेतात, सगळीत सगळ्या साड्यांचे तुकडे. ही नवी हौस म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला ती जुनीच रीत वाटते, फक्त शिवणारे हात आता पैसे देऊन शोधावे लागतात.

हे हात कमी होत चालले आहेत. नऊवारी गेली, आणि पाचवारी आली ती बहुधा कृत्रिम धाग्याची. तिचे थर सुईखाली घसरतात, घाम टिपत नाहीत. पानिपतची ब्लँकेटे स्वस्त मिळतात. २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगाकाठच्या गावांतून भिजलेल्या अंथरुणांचे ढीग रस्त्यावर आले. चिखलाच्या पाण्यात दिवसच्या दिवस राहिलेली जाड वाकळ धुऊनही वाळत नाही, कुजते. मदतीच्या गाड्यांतून ब्लँकेटे आली आणि थंडी भागली. त्या ढिगांत कुणाच्या पटक्याची पट्टी गेली, कुणाच्या परकराचा काठ, ते मात्र भरून आले नाही.

तरीही घटस्थापनेच्या आधीच्या दिवसांत घाटावर जाऊन पाहावे. घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपल्याकडे रीत आहे. पाण्यात भिजलेली वाकळ एका बाईला उचलत नाही, दोघी दोन टोके धरून पिळतात. पायऱ्यांवर वाकळा वाळत पडतात तेव्हा प्रत्येक घरातल्या दोन-तीन पिढ्या उन्हात पसरलेल्या असतात, आणि शेजारच्या बायका त्यातला एखादा तुकडा ओळखून विचारतात, ‘ही तुमच्या आत्याबाईंची इरकल न्हवं?’

वारीत वाकळेचा निभाव ऋतूवर असतो. आषाढीच्या पावसात ती पाणी पिऊन जड होते, तिथे घोंगडीच बरी. कार्तिकीच्या थंडीत मात्र वाकळ हवी. कोल्हापूरहून नंदवाळच्या प्रतिपंढरीला जाणाऱ्या दिंडीचा प्रश्न नाही, पुईखडीचे रिंगण बघून माणूस संध्याकाळी घरी येतो. पण लांबच्या दिंडीत मुक्कामाला ट्रकमधून वळकट्या उतरतात तेव्हा गंमत होते. एकसारख्या चादरी आणि एकसारखी प्लॅस्टिकची कागदे यांत माणसे आपले नाव शोधत, बॅटरी मारत बसतात. ज्याच्या वळकटीला वाकळ आहे तो लांबूनच ओळखतो. ते हिरवे ठिगळ आपल्या आईचे, तो तांबडा काठ बहिणीचा. तो वळकटी खांद्यावर टाकतो आणि राहुटीकडे चालू लागतो.