लोखंडाची स्मृती : युद्धकालीन वाहने आणि आपल्या घरची जुनी पदके

मुळशी तालुक्यातील रिहे येथे आमच्या चुलत बंधूंच्या गोठ्यालगत पत्र्याची एक पडवी आहे. तीत गेली काही वर्षे एक जुनी जीपगाडी उभी आहे. गावात प्रथम तिची चेष्टाच झाली. चालत नाही, ओझे वाहत नाही, मग हे भंगार दारात कशासाठी, असे वडीलधारी मंडळी विचारीत. बंधूंनी व त्यांच्या मुलाने वादविवाद न करता रविवारमागून रविवार तीवरील गंज खरवडला. त्यांच्या या छंदाकडे पाहता पाहता प्रस्तुत लेखकास स्वतःच्या घरातील एका चुकीची जाणीव झाली. ती ज्ञातिबांधवांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू होय.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती. अमेरिकेतील विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक सामान विक्रीस काढले. त्यास लोक ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. त्या मालाबरोबर कित्येक जीपगाड्या ठेकेदार, बागाईतदार व डॉक्टर यांच्या हाती आल्या. पुढे महिंद्र कंपनी मुंबईत जीपगाड्या जोडू लागली, आणि नव्याजुन्या गाड्यांचे सुटे भाग एकमेकींत मिसळून गेले. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी मूळ एंजिन काढून डिझेलचे बसविले. म्हणून आज जुनी दिसणारी प्रत्येक जीप युद्धकालीन असतेच असे नाही.

खरी ओळख पटविणे हाच या छंदाचा गाभा आहे. मूळ एंजिन चार सिलिंडरांचे, साठ अश्वशक्तीचे. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची. चालकाची बैठक डावीकडे. विलिसच्या गाडीत चेसीची पुढची आडपट्टी गोल नळीची असते, फोर्डच्या गाडीत ती पन्हळीसारखी. फोर्डने तर आपल्या बोल्टांवरदेखील ‘एफ’ हे आद्याक्षर उमटविले होते. आमच्या पुतण्यास असा पहिला बोल्ट ग्रीसच्या थराखाली सापडला, तेव्हा तो घरातील सर्वांस हाका मारीत सुटला! त्यानंतर त्याने एकही जुना बोल्ट फेकून दिला नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी तो त्याचे छायाचित्र घेतो, चिठ्ठी बांधतो आणि वहीत नोंद करतो. गाडीपेक्षा ती वहीच अधिक मोलाची, असे आमचे मत झाले आहे.

या कामात कायद्याचेही भान ठेवावे लागते. संरक्षण खात्याव्यतिरिक्त कोणासही वाहनास ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. सबब लष्करी गाडीस तिचाच मूळ रंग देण्याची येथे मुभा नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद मात्र २०२१ साली झाली. जुनी शस्त्रे परवान्यावाचून बाळगू नयेत. आणि शेतात वा भंगारात तोफगोळा आढळल्यास त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे, हे मुलाबाळांसही सांगून ठेवावे.

असा संग्रह किती थोर होऊ शकतो हे पाहावयाचे असेल तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे जावे. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ साली स्थापन झाले. रोल्सरॉईसची चिलखती मोटार, जपानी रणगाडे, १९६५ च्या युद्धात पाडाव झालेला पॅटन अशी सुमारे पन्नास वाहने तेथे आहेत. त्याच गावच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा सेंचुरियन रणगाडा जपला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणात पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी याच रणगाड्यातून शत्रूचा मारा थोपविला. रणगाड्यास आग लागली असता माघारीचा हुकूम आला. परंतु तोफ अद्याप चालते असे कळवून ते जागचे हलले नाहीत, आणि तेथेच वीरगती पावले. वय अवघे एकवीस, जन्म पुण्याचा. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. युद्धानंतर तो रणगाडा दुरुस्त करून ठेवण्यात आला. त्याच्यासारखे सेंचुरियन हजारोंनी झाले. पण यावरील नाव पुसले नाही, म्हणून आज तेथे मनुष्य हात जोडून उभा राहतो.

आता आमच्या चुकीविषयी. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, एवढे घरात सर्वांस ठाऊक आहे. याउपर काही ठाऊक नाही. त्या मोहिमेत ‘पूना डिव्हिजन’ लढली. तीतील मराठा पलटणी कुट येथील वेढ्यात उपासमार सोशीत राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेल्या. पणजोबा त्यांत होते की मागाहून गेलेल्या फौजेत, हे सांगता येत नाही. त्यांचे चांदीचे पदक घरात होते. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. एका दुष्काळी वर्षी ते सोनाराकडे गेले आणि त्याची जोडवी झाली. ज्यांनी ते मोडले त्यांस आम्ही दोष देत नाही. घरात खाणारी तोंडे होती. परंतु चांदी मोडताना कडेवरची ती एक ओळ कागदावर उतरवून घेण्यास काही खर्च आला नसता. ती ओळ असती, तर पणजोबांचा माग जुन्या दप्तरांतून काढता आला असता.

ही एका घराची कथा नव्हे. मावळ व कोकण यांतील घराघरांतून माणसे पलटणीत गेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांस १९४४ साली आणि नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांस १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची नावे ग्रंथांतून राहिली. रिह्यापासून फार दूर नसलेल्या खडकवासल्याच्या तलावाकाठी त्याच युद्धात नकली जहाज उभारून सैनिकांस किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण देत असत. पुढे त्याच परिसरात प्रबोधिनी उभी राहिली. त्या तलावाकाठी शिकून गेलेल्या सामान्य शिपायांचे, मोटारहाक्यांचे, स्वयंपाक्यांचे स्मरण कोण ठेवणार? ते त्यांच्या घरच्यांनीच ठेवावयाचे.

सबब ज्ञातिबांधवांस नम्र विनंती अशी, की या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरील पत्र्याची पेटी उघडावी. पदक, पेन्शनचे पुस्तक, पाण्याची बाटली, फाटलेले पत्र, जे हाती लागेल ते ब्रासोने घासून चकचकीत करू नये. घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात. प्रथम त्यावरील मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवावा, छायाचित्र घ्यावे, आणि ती वस्तू कोणाची, घरात केव्हा आली, हे घरातील वृद्धांस विचारून पुढे लिहावे. वस्तू विकण्याची वेळ आली तरी वही राहील.

रिह्याची ती जीप गेल्या पाडव्यास प्रथमच स्वतःच्या एंजिनावर अंगणातून फिरली. चेष्टा करणारी वडील मंडळीच त्या दिवशी पुढे बसली होती. त्या गाडीतून पूर्वी कोण बसून गेले हे आम्हांस कळले नाही, आता कळण्याचा संभवही अल्पच. म्हणूनच पुतण्याने वहीच्या पहिल्या पानावर आपल्या वडिलांचे नाव, गावाचे नाव व तारीख लिहून ठेवली आहे. पुढे ही गाडी ज्याच्या दारात जाईल, त्यास निदान तेवढे तरी कळेल.