आघात-कोणाश्म

अशनी किंवा लघुग्रह ग्रहपृष्ठावर अतिवेगाने आदळून फुटलेल्या खडकांच्या कोनदार तुकड्यांचा खडक. हे तुकडे बारीक चुऱ्याने किंवा वितळून थिजलेल्या काचेने सांधलेले असतात. यास आघात-ब्रेशिया असेही म्हणतात. महाराष्ट्रात तो बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवरात आढळतो.

निर्मिती : टकरीतून निघालेला आघात-तरंग खडक दाबतो, फोडतो आणि काही भाग वितळवतो. बराच मालमसाला बाहेर फेकला जाऊन कडेभोवती पसरतो. उरलेला, तसेच खचलेल्या भिंतींचा राडारोडा, विवराच्या तळाशी साचतो.

प्रकार : एकाच जातीच्या खडकाचे तुकडे असलेला, अनेक जातींचे तुकडे मिसळलेला आणि काचेचे कण असलेला असे तीन मुख्य प्रकार आहेत. तिसऱ्यास स्युव्हाइट म्हणतात. जर्मनीतील रीस विवरातल्या नॉर्डलिंगन गावचे सेंट जॉर्ज चर्च याच दगडाचे आहे.

ओळख : केवळ कोनदार तुकड्यांवरून आघात सिद्ध होत नाही. दरड कोसळून, विभंगालगत खडक चिरडून किंवा लाव्हाची थिजती साय मोडूनही कोणाश्म बनतो. लोणारभोवती पसरलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टात, लाव्हाप्रवाहांच्या माथ्यावर असे ज्वालामुखीजन्य थर अनेक ठिकाणी दिसतात. त्यामुळे खनिजांवरील आघाताच्या खुणा निर्णायक ठरतात. इतरत्र क्वार्ट्झमधील समांतर सूक्ष्म पट्ट्या हा पुरावा असतो. बेसॉल्टात क्वार्ट्झ जवळपास नसल्याने प्लॅजिओक्लेजपासून तीव्र दाबाखाली बनलेले काचसदृश मास्केलिनाइट शोधावे लागते.

लोणार : सुमारे १.८ किमी. व्यासाचे हे विवर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टात आहे. ते ज्वालामुखीय असल्याचे मत दीर्घकाळ प्रचलित होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या संशोधकांनी तळात बोअर घेतले. सरोवराच्या गाळाखाली कोणाश्म आणि त्यात मास्केलिनाइट मिळाले. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर आघाताचे मत दृढ झाले. विवराच्या वयाबाबत मात्र मतभेद आहेत : एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार, तर २०११च्या आर्गॉन कालमापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते.

अन्य ग्रहगोल : चंद्राच्या उच्चभूमीत हा खडक विपुल आहे. १९७२ मध्ये अपोलो-१६ ज्वालामुखीय खडकांच्या अपेक्षेने तेथे उतरले. हाती आले ते मुख्यत्वे कोणाश्मच. सहारातून मिळालेली ‘ब्लॅक ब्यूटी’ ही मंगळावरून आलेली अशनीही कोणाश्म आहे. पृथ्वीवरील बहुतेक आघात-विवरे ग्रॅनाइटासारख्या किंवा गाळाच्या खडकांत आहेत. चंद्राची काळी मैदाने आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टी असल्याने तेथील आघातांच्या अभ्यासात लोणारचे नमुने तुलनेसाठी वापरले जातात.